अप्पांची सायकल आणि माझे सोळा गियर

"गियरची सायकल म्हणजे म्हातारपणाची काठी बघ," असे आमचे अप्पा म्हणायचे. हे त्यांनी मला पहिल्यांदा ऐकवले ते मी नववीत असताना. बेळगावात आमच्या गल्लीतल्या एका श्रीमंत मुलाने गियरची सायकल आणली होती आणि ती बघायला आम्ही पोरे ओळीने उभी राहिलो होतो. मी घरी येऊन विषय काढला. अप्पांनी पेपरातून डोके वर न काढता हे वाक्य टाकले आणि विषय संपला. पुढे सदतीस-अडतीस वर्षे तो संपलेलाच राहिला.

अप्पा जांबोटीच्या पलीकडल्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षक होते. शनिवारी सकाळची शाळा सुटली की त्यांची सायकल बेळगावच्या वाटेला लागायची आणि सोमवारी अंधारात पुन्हा माघारी. वाट तिसेक किलोमीटरची, सगळी चढउताराची, पावसाळ्यात तर विचारूच नका. १९७४ साली घेतलेली काळी ॲटलस. सळईचे ब्रेक, पूर्ण चेनकव्हर, मागच्या चाकाला घासणारा डायनॅमो आणि कॅरिअरवर कायम काहीतरी बांधलेले. कधी नाचणी, कधी फणस, एकदा तर जिवंत कोंबडा. आमची अव्वा बैलहोंगलकडची. तिची कन्नड, अप्पांची मराठी आणि आम्हा भावंडांची दोन्हींची भेळ. आपल्या भागातल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. सायकल मात्र घरात कुठल्याही भाषेत सायकलच होती, आणि शनिवारी संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी तिची घंटी वाजली की अव्वा चुलीवर तवा ठेवायची.

मी १९९६ साली साखळीच्या एका शाळेत शिक्षक म्हणून लागलो आणि वाळवंटीच्या अलीकडे कारापूरला बिऱ्हाड केले. आता इथलाच झालो आहे. बायको डिचोलीची, घरात कोकणीचीही भर पडली. अप्पा दर दिवाळीला एकच वाक्य म्हणत, "एकदा चोर्ला उतरून सायकलीनं येतो तुझ्याकडं." आम्ही हसायचो. एक तर त्या वेळचा चोर्ल्याचा रस्ता आजच्यासारखा नव्हता. दुसरे म्हणजे डिचोली तालुक्यातले रस्ते खाणींच्या ट्रकांनी भरून वाहत होते. २०१२ च्या खाणबंदीच्या आधी ज्यांनी हा भाग पाहिला आहे त्यांना आठवेल, झाडांची पाने, छपरे, माणसांच्या भुवया, सगळे एका लाल रंगाचे. त्या रांगेत सायकल घालणे म्हणजे जिवाशी खेळ. "पुढच्या वर्षी" म्हणता म्हणता अप्पांचे गुडघे गेले, मग डोळे आणि २०२१ साली अप्पाही.

त्यांच्या मागे वाटणी करायला फारसे काही नव्हते. धाकट्या भावाने घर आणि अव्वाला सांभाळले, मी सायकल मागून घेतली. भाजीच्या टेम्पोतून ती घाट उतरून कारापूरला आली. म्हणजे अप्पा आले नाहीत, त्यांची सायकल आली.

तिच्यावर मी शाळेत जाऊ लागलो. कारापूर-तिस्क ते साखळी, कधी हरवळ्यापर्यंत, रविवारी मयेपर्यंत. जुनी सायकल किती उमदी असते हे पन्नाशीला आल्यावर कळते. ती घाई करत नाही. तिच्यात बिघडण्यासारखे काही नसतेच. रोज सकाळी आमच्याकडे पोदेर येतो, म्हणजे पाव विकणारा मुलगा. मागे ही भली मोठी टोपली, हँडलला रबरी भोंगा, आणि त्याचीही सायकल बिनगियरची. मुलगा हावेरीकडचा. मी कन्नड बोलतो म्हटल्यावर माझ्याशी त्याची विशेष दोस्ती. आम्ही दोघे सकाळी सकाळी आपापल्या जड सायकली धरून दारात उभे राहायचो तेव्हा मला आपण एका मोठ्या परंपरेचे पाईक आहोत असे वाटायचे. ॲटलसचा सोनिपतचा कारखाना १९५१ सालचा. त्या कंपनीचे उत्पादन थांबले ते ३ जून २०२० ला, जागतिक सायकल दिनी. तारखेचा हा योग कुणी ठरवून जुळवला नसेल, पण मला तो लागला. म्हणून तर अप्पांची सायकल जपायची, चालवायची आणि तिच्यावरूनच काहीतरी करून दाखवायचे असे मनाने घेतले.

काय करून दाखवायचे? तर त्यांच्या वर्षश्राद्धाला त्याच सायकलीने चोर्ला चढून बेळगावला जायचे. त्यांचे राहिलेले मी उलट्या दिशेने पुरे करणार होतो. आता लिहितानाही मला त्यात थोडी नाटकीपणाची छटा दिसते. पण तेव्हा अगदी खरे वाटले होते.

२०२२ च्या नोव्हेंबरात पहाटे निघालो. पर्ये, मोर्ले मागे टाकून केरीपर्यंत झकास. अंजुणे धरणाच्या बाजूने रस्ता वर उठू लागला तसा मी सीटवरून उठलो. उभा राहून, सगळे वजन एका पायडलवर, मग दुसऱ्यावर. लहानपणी हाफ पायडल मारत सायकल शिकताना असेच वाटायचे, की सायकल मला चालवते आहे. तिसऱ्या-चौथ्या वळणावर उतरलो. ढकलली. पुन्हा चढलो. पुन्हा उतरलो. आणि एका वळणावर उभ्याने जोर लावताना उजव्या गुडघ्यात कट्‌ असा आवाज झाला. आवाज मला ऐकू आला की जाणवला हे सांगता येणार नाही, पण मी रस्त्याकडेच्या कठड्यावर बसलो तो बराच वेळ उठलो नाही. वरून उतरणाऱ्या एका दुधाच्या टेम्पोने मला आणि सायकलीला साखळीत आणून सोडले. वर्षश्राद्धाला मी दुपारच्या बसने, पाय लांब करून पोचलो. अव्वाने गुडघ्याकडे पाहिले, काही बोलली नाही. तेल गरम करून आणले.

म्हापशाच्या डॉक्टरांनी वाटीच्या मागच्या भागावर ताण आल्याचे सांगितले. मी विचारले, "आता सायकल बंद का?" ते म्हणाले, "सायकल गुडघ्याला चांगली. तुम्ही चालवता ती पद्धत वाईट. घाटात मिनिटाला किती वेळा पायडल फिरतं तुमचं?" मी कधी मोजले नव्हते. गणिताचा शिक्षक असून मोजले नव्हते, याची खरी लाज वाटली.

घरी येऊन दात मोजले. माझे नव्हे, सायकलीचे. अप्पांच्या ॲटलसला पुढच्या चक्राला ४४ दात, मागच्या फ्रीव्हीलला १८. म्हणजे पायडल एकदा फिरले की मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरणार आणि सायकल साडेपाच मीटर पुढे जाणार. सपाट रस्त्यावर हा हिशेब उत्तम. घाटात माझ्यासारखा माणूस ताशी आठ किलोमीटर चालला, म्हणजे मिनिटाला १३३ मीटर, तर पायडल मिनिटाला फक्त चोवीस-पंचवीस वेळा फिरते. प्रत्येक फेरीत अख्खे शरीर आणि वीसेक किलोचे लोखंड साडेपाच मीटर चढावर रेटायचे. प्रत्येक रेट्याचे बिल गुडघा भरणार. सराईत सायकलपटू मिनिटाला ऐंशी-नव्वद फेऱ्या मारतात आणि चढावरही साठाच्या खाली सहसा येऊ देत नाहीत, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

आमचे चिरंजीव अकरावीत. त्यांनी हा हिशेब बघून लगेच डाव टाकला. "बाबा, गियरची घ्या." मी अप्पांचे वाक्य ऐकवले. त्यावर तो म्हणाला, "नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या संघातून अमेरिका आडवी पार केली, पावणेपाच हजारांहून जास्त किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत. डॉक्टर आहेत दोघे. २०१७ मध्ये नागपूरच्या अमित समर्थांनी आणि सैन्यातल्या श्रीनिवास गोकुलनाथांनी तीच शर्यत एकेकट्याने पुरी केली. सगळ्यांच्या सायकलींना गियर होते. म्हातारे होते का ते?"

गंमत अशी की अप्पांचे वाक्य अप्पांचे एकट्याचे नव्हते. पुढे वाचता वाचता सापडले. टूर द फ्रान्स ही जगातली सर्वांत नावाजलेली सायकल शर्यत १९०३ साली सुरू करणारे संपादक आंरी देग्रांज यांचेही मत हेच होते, की बदलते गियर हे पंचेचाळिशी ओलांडलेल्यांसाठी, खऱ्या गड्याने स्नायूंवर जिंकावे. १९०२ मध्ये तिकडे एक चाचणी झाली होती. तीत मार्थ हेस नावाच्या बाईने तीन गियरच्या सायकलीवरून बिनगियरच्या सायकलीवरच्या नावाजलेल्या पुरुषाला मागे टाकले आणि सगळ्या डोंगराळ वाटेत पाय जमिनीला लावला नाही, असे सांगतात. देग्रांजसाहेबांचे मत त्यानंतरचे. हरल्यावर नियम कडक करायची खोड सगळीकडे सारखीच. त्यांच्या शर्यतीत चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या गियरला परवानगी मिळाली ती थेट १९३७ साली. तोवर शर्यतपटू काय करत? मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी वेगवेगळ्या दातांची चक्रे असत. घाटाच्या पायथ्याशी थांबायचे, चाक काढायचे, उलटे करून बसवायचे आणि चढायला लागायचे. माथ्यावर पुन्हा तेच. तुल्यो काम्पान्योलो नावाच्या इटालियन गड्याची बोटे एका बर्फाळ घाटात इतकी गारठली की त्याला चाकाचे नट सुटेनात, आणि त्यातूनच हाताच्या एका झटक्यात चाक सोडवणारी खिट्टी निघाली, अशी कथा आहे. ती खिट्टी आज माझ्या सायकलीला आहे.

हो, घेतली. २०२३ च्या गणपतीनंतर, बेळगावातून, वापरलेली, २८,००० रुपयांना. पावतीवर सही करताना हात थोडा अडखळला. एक तर पैसे. दुसरे, माझे वय एक्कावन्न, म्हणजे देग्रांज आणि अप्पा दोघांच्याही हिशेबात मी आता बसत होतो.

सायकल घरात आली तेव्हा बायकोने भोवती एक फेरी मारली आणि विचारले, "हाका स्टँड ना?" स्टँड नाही. कॅरिअर नाही. मडगार्ड नाही, चेनकव्हर नाही, घंटी नाही, कुलूप नाही. एवढे पैसे देऊन काय काय नाही ते मोजण्यातच संध्याकाळ गेली. वजन मात्र ॲटलसच्या निम्मे. चिरंजीवांनी ती एका हाताने उचलून दाखवली, मग बायकोनेही उचलली. पोदेराने दुसऱ्या दिवशी तिला नीट न्याहाळले आणि विचारले, "सर, एष्ट गियर अदावरी?"

"हदिनारु," मी म्हटले.

त्याने स्वतःच्या सायकलीकडे बघून मान हलवली. "नमगऽ ओंदऽ साकरी," म्हणाला आणि भोंगा वाजवत पुढे गेला. त्याचे खरेच होते. सपाट वाड्यांतून थांबत थांबत पाव वाटायला एक गियर पुरतो, आणि टोपली बांधायला माझ्या सायकलीत जागाच नाही.

आता सोळा गियर म्हणजे काय, तर पुढे दोन चक्रे, ५० आणि ३४ दातांची. मागे आठ, ११ पासून ३२ दातांपर्यंत. दोन गुणिले आठ सोळा. पण पुढचे मोठे आणि मागचेही सर्वांत मोठे असा मेळ घातला तर चेन तिरकी ताणली जाते, ते टाळायचे. काही जोड्या जवळपास सारख्याच पडतात. खरे कामाचे दहा-अकराच. पुढे ३४ आणि मागे ३२ ठेवले की पायडलच्या एका फेरीत सायकल फक्त सव्वादोन मीटर जाते. पुढे ५०, मागे ११ ठेवले तर साडेनऊ मीटर. ॲटलसचे साडेपाच मीटर या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. म्हणजे अप्पांच्या सायकलीलाही गियर होताच. एकच होता, इतकेच.

आणि गियर ताकद देत नाही. हे मी शाळेत मुलांना तरफ शिकवताना वर्षानुवर्षे सांगत आलो, पण स्वतःच्या पायांना लावून पाहिले नव्हते. घाट तेवढाच उंच राहतो, तुमचे वजन तेवढेच राहते, वर चढवायचे काम तेवढेच. चोर्ल्याचा चढ पंधरा किलोमीटर धरला तर ॲटलसवर पायडलच्या पावणेतीन हजार फेऱ्या, नव्या सायकलीच्या सर्वांत हलक्या गियरवर पावणेसात हजार. कर्ज तेच. एकरकमी फेडायचे की हप्त्यांनी, एवढाच प्रश्न. मास्तरमंडळींना हप्त्यांची सवय असते.

सवय व्हायला मात्र वेळ लागला. ब्रेकच्या दांडीतच गियरची कळ. उजव्या हाताची मोठी कळ आत ढकलली की मागची चेन मोठ्या चक्रावर जाते आणि पायडल हलके होते. छोटी दाबली की जड. डाव्या हाताला पुढची दोन चक्रे. पहिला महिना मी ब्रेक लावायला जायचो आणि गियर पडायचा. साखळीच्या पुलावर वाहतुकीत असे झाले तेव्हा मागच्या स्कूटरवाल्याने मला जे ऐकवले ते कुटुंबवाचनाच्या पानावर लिहिता येणार नाही.

सायकलस्वारीची ती घट्ट अर्धी चड्डी हे दुसरे संकट. तिच्या बैठकीला गादी असते, लांबच्या वाटेला ती लागतेच. पण बावन्नाव्या वर्षी तिस्कावर विद्यार्थिनींच्या घोळक्यासमोरून त्या वेषात जायचे म्हणजे घाटापेक्षा कठीण. मी बरेच दिवस वरून साधी पँट घालत असे. तिची उजवी मोहरी चेनच्या तेलाने काळी होई. शेवटी धोबी की अब्रू असा विचार करून पँट सोडली. मुली हसल्या. आठवडाभराने हसायच्या थांबल्या.

खरी फजिती झाली ती २०२४ च्या फेब्रुवारीत, घाटाच्या पहिल्या तालमीला. केरीच्या पुढे चढ लागला. मी रुबाबात मोठ्या चक्रावर चाललो होतो. पाय जड झाले, श्वास लागला, चाक जवळजवळ थांबले, तेव्हा कुठे मला गियर आठवला. सगळा जोर पायडलवर असतानाच डावी कळ दाबली. खर्रकन चेन घसरली आणि आतल्या बाजूला अडकली. पायडल मोकळे फिरले, तोल गेला, मी सायकलीसकट गवतात. हाताला खरचटले, गुडघा वाचला. चिरंजीव स्कूटरवरून मागे होते. त्यांनी धूळ झटकली आणि म्हणाले, "बाबा, चढ लागल्यावर नाही, चढ दिसल्यावर बदलायचा. आणि बदलताना पायाचा जोर अर्धा क्षण सोडायचा." अठरा वर्षांच्या पोराकडून हे ऐकून घ्यावे लागले. मी त्या दिवशी तिथूनच परतलो.

नंतर महिनाभर कारापूरच्या आसपासचे छोटे चढ मी पुन्हा पुन्हा घेतले. पुढचे वळण कसे उठते हे आधीच बघायचे, हलक्या पायाने कळ दाबायची, चेन टक्‌ करून बसल्याचा आवाज ऐकायचा, मगच जोर. ॲटलसवर मी रस्त्याकडे कधी असे पाहिलेच नव्हते. तिथे पाहून करणार काय होतो? चढ आला की उठून उभे राहायचे, एवढाच एक उपाय होता.

एक गोष्ट मात्र खेड्यापाड्यांतून गियरची सायकल नेणाऱ्यांनी आधीच ध्यानात घ्यावी. दुकानदाराने मला ती सांगितली नव्हती. आपल्या जुन्या सायकलीचे चाक २८ इंची म्हणतात आणि या सायकलीचे ७००. दिसायला सारखीच. पण टायर जिथे बसतो तिथला व्यास जुन्याचा ६३५ मिलिमीटर, याचा ६२२. तेरा मिलिमीटरांचा फरक. गावातल्या दुकानातला टायर यावर बसत नाही. ट्यूबचा व्हॉल्व्हही बारीक, टोकाला इवला स्क्रू असलेला. आपल्याकडच्या पंपाचे तोंड त्याला लागत नाही. त्यासाठी पितळेचे एक छोटे टोपण मिळते, चाळीस-पन्नास रुपयांचे. पर्येला माझे चाक बसले होते तेव्हा पंक्चर काढणाऱ्या काकांनी पंक्चर सुबक काढले आणि हवा भरायला आल्यावर हात टेकले. दोन तास बसून राहिलो. तेव्हापासून ते टोपण माझ्या घराच्या किल्लीला अडकवलेले असते.

२०२४ च्या डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीत, पहाटे साडेपाचला निघालो. वर्षश्राद्ध नव्हते, काही नव्हते. आदल्या रात्री फोन केला तेव्हा अव्वा फक्त एवढेच म्हणाली, "सावकाश बा." आमच्याकडच्या कन्नडात हा शब्द मराठीतलाच, तोच अर्थ. लहानपणी अप्पांना निरोप देतानाही ती हाच शब्द वापरायची.

पोदेर नुकताच येऊन गेला होता. अव्वाला गोव्याची पोळी आवडते, ती कोंड्याची, पोकळ. चार घेतल्या. कॅरिअर नाही, पिशवी अडकवायला जागा नाही. कागदात गुंडाळून पाठीवरच्या खिशात कोंबल्या.

केरीला उजाडले. धरणावर धुके होते. चढ दिसल्याबरोबर पुढचे चक्र लहान केले, मग मागे एकेक पायरी, आणि शेवटी ३४ ला ३२. पाय इतके हलके फिरू लागले की आपण काही करतच नाही असे वाटावे. दोन वर्षांपूर्वी जिथे बसलो होतो तो कठडा आला. मला तिथे थांबायचे होते. थांबलो नाही. थांबलो असतो तर पुन्हा सुरुवात करणे जमले नसते, एवढेच कारण. मागून आलेल्या एका मोटारीतल्या मुलांनी काच खाली करून ओरडून प्रोत्साहन दिले. ट्रकवाले मात्र वळणावर जागा देत नाहीत. तिथे मी दोनदा पूर्ण बाजूला उतरलो, आणि ज्यांना या वाटेने जायचे असेल त्यांनीही उतरावे. अवजड वाहतूक वाढल्यापासून चोर्ला हा सहलीचा घाट राहिलेला नाही.

वेग ताशी सात, कधी आठ. माझ्या शेजारून एक फुलपाखरू बराच वेळ चालले होते आणि मग तेही पुढे निघून गेले. श्वास लागत होता, मांड्या भरून आल्या होत्या, घाम डोळ्यांत जात होता. गियरने चढ नाहीसा होतो असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. पण गुडघा गप्प होता. मी प्रत्येक वळणावर त्याचे ऐकत होतो आणि तो काही म्हणत नव्हता. दोन तास आणि काही मिनिटांनी वारा गार झाला, झाडी बदलली आणि रस्ता माझ्यापुढे चक्क खाली झुकला. समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर वर आलो होतो. मी उजवी छोटी कळ दाबली, चेन टकटक करत खाली सरकली, आणि वर्षाची सुट्टी एकदम लागल्यासारखी सायकल धावली.

कणकुंबीला चहा घेतला, मिरची भजी घेतली. मलप्रभा इथे उगम पावते. पाट्या कन्नड आणि बोलणे मराठी. दुकानदाराने विचारले, कुठून आला? कारापूर म्हटल्यावर त्याने सायकलीकडे आणि मग माझ्या केसांकडे पाहिले. पुढे जांबोटीपर्यंत रान, चढउतार, आणि अप्पांची वाट. अप्पांच्या शाळेकडे जाणारा फाटा आला तेव्हा मी गियर बदलायचा विसरलो आणि तो छोटा चढ जड चक्रावरच, उभा राहून चढलो. गुडघ्याने लगेच आठवण करून दिली. ते हे असे दर सोमवारी करत होते, अंधारात, मागे सामान बांधून, एका गियरवर. मला "काठी" म्हणणाऱ्या माणसाचे गुडघे साठीतच का गेले असतील, हा विचार त्या चढावर पहिल्यांदा आला. त्यांनी कधी कुरकुर केली नाही. आम्हीही कधी विचारले नाही.

कुसमळी, किणये, पिरनवाडी. साडेबाराच्या सुमारास गल्लीच्या तोंडाशी आलो. सवयीने अंगठा घंटीकडे गेला. घंटी नाही. मी तोंडानेच "ट्रिंग ट्रिंग" केले. भावाच्या मुली धावत बाहेर आल्या, त्यांच्या मागून भिंतीला धरत अव्वा.

"याक इष्ट तडा आतु?" एवढेच विचारले. मग सायकलीजवळ आली. तिने हँडलवरून हात फिरवला, सीटच्या मागे चाचपले, वाकून खाली पाहिले. मला वाटले चक्रे बघते आहे, म्हणून मी उत्साहाने सांगू लागलो, अव्वा, हे बघ, पुढे दोन, मागे आठ.

"कॅरिअर कुठाय?" ती मराठीत म्हणाली.

"नसतं याला."

"मग सामान?"

मी पाठीवरच्या खिशातून पुडके काढून तिच्या हातावर ठेवले. चारी पोळ्या घामाने ओलसर होऊन एकमेकींना चिकटल्या होत्या, पापडासारख्या चपट्या. अव्वाने त्या वेगळ्या करून पाहिल्या, एकदा सायकलीकडे पाहिले.

"हळे सायकलऽ छलो इत्तु," म्हणाली, आणि पोळ्या घेऊन तवा ठेवायला आत गेली.